पोटातल्या लेकराचं बीपी कोण सांभाळतं? घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल तर जरूर वाचा

केजचा औषधवाला

नमस्कार मंडळी. केजमध्ये माझं मेडिकल आहे, बारा वर्षं झाली. हा धागा काढायचं तीन वर्षांपासून मनात होतं, पण लिहायला बसलं की पुढं सरकत नव्हतं. परवा दुकानात जे झालं त्यामुळं आज लिहितोच.

संध्याकाळी एक बाई आल्या. सातवा महिना असावा. कंबर फार दुखते म्हणाल्या, मालकानं मागं नेली होती तीच गोळी द्या. पदराच्या गाठीतून स्ट्रिपचा रिकामा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. डायक्लोफेनॅक होती. मी दिली नाही. त्यांना वाटलं माल संपला, म्हणाल्या दुसऱ्या कंपनीची द्या. मग त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ह्या गोळीनं पोटातल्या लेकराच्या किडनीला त्रास होतो. त्यावर त्या म्हणाल्या, "पोटात असताना त्याच्या किडनीला काय काम? त्याचं सगळं तर माझ्यातूनच जातंय ना?"

इतका नेमका प्रश्न मला बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांचं अर्धं म्हणणं खरंच आहे. बाळाच्या रक्तातला कचरा वारेतून आईच्या रक्तात जातो आणि आईच्या किडन्या तो बाहेर टाकतात. म्हणूनच दोन्ही किडन्या तयार न झालेलं बाळसुद्धा पोटात महिनोन्‌महिने वाढत राहतं. तुमच्या-माझ्या हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. पोटातल्या बाळाच्या किडन्यांना शंभरातले जेमतेम दोन ते चार भाग मिळतात.

पण तेवढ्याशा रक्तावर त्या दोन मोठी कामं करतात. पहिलं काम लघवी तयार करायचं. साधारण दहाव्या आठवड्यापासून ते सुरू होतं आणि अर्धे दिवस उलटल्यावर गर्भजलाचं बहुतेक पाणी म्हणजे बाळाची लघवीच असते. बाळ तेच पाणी गिळतं, आतड्यातून ते रक्तात जातं आणि पुन्हा किडनीतून बाहेर येतं. सोनोग्राफीत "पाणी कमी आहे" म्हणतात ते हेच पाणी. ह्या पाण्यावर बाळाच्या फुफ्फुसांची वाढ अवलंबून असते.

दुसरं काम रक्तदाब धरून ठेवायचं. पोटातल्या बाळाला वार जोडलेली असते आणि वारेत रक्ताला फारसा अडथळा नसतो, त्यामुळं रक्ताचा मोठा वाटा तिकडंच जातो आणि मुळात दाब कमी राहतो. एवढ्या कमी दाबावर मेंदू, हृदय, किडनी सगळ्यांना रक्त पुरवायचं असतं. म्हणून बाळाची किडनी रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडतं. त्या तुकड्याला एसीई नावाचं एन्झाइम आणखी छाटतं आणि अँजिओटेन्सिन २ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि दाब टिकतो. मोठ्या माणसात रेनिन बनवणाऱ्या पेशी किडनीतल्या प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी, अगदी छोट्या जागेत असतात. पोटातल्या बाळाच्या किडनीत त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर लांबपर्यंत पसरलेल्या असतात. त्याला हे किती लागत असेल ते यावरून कळतं.

आता गोळीकडं येतो. ठिबक असलेल्यांना हे लगेच कळेल. लाईनला दाब कमी असताना शेवटचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा राहिला तर ड्रिपरमधून थेंब पडत नाही. तो आवळला की मागं दाब तयार होतो आणि ड्रिपर चालू होतात. किडनीच्या प्रत्येक गाळणीला एक रक्तवाहिनी आत येणारी आणि एक बाहेर जाणारी असते. अँजिओटेन्सिन २ बाहेर जाणारी वाहिनी जास्त आवळतं. बाळाचा दाब इतका कमी असूनही गाळणी चालते ती त्याच्याच जोरावर.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल ह्या गोळ्या एसीईला अडवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ह्या अँजिओटेन्सिनला त्याच्या जागेवर बसू देत नाहीत. मोठ्या माणसाला ह्या उत्तम गोळ्या आहेत, माझे वडील रोज घेतात. पण आईनं घेतलेली गोळी वारेतून बाळापर्यंत जाते. तिथं बाळाचा दाबही पडतो आणि तो शेवटचा व्हॉल्व्हही सैल होतो. लघवी थांबते, पाणी आटतं. चौथ्या महिन्यापासून पुढं तर धोका फारच मोठा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९२ मध्ये एसीईला अडवणाऱ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला.

हे सगळं मी शिकलो ते वहिनीमुळं. वहिनी चौतीस वर्षांच्या, बीपी आधीपासून. एका फिजिशियनकडून टेल्मिसार्टन ४० चालू होती. दिवस राहिल्यावर नाव दुसरीकडं घातलं. तिथल्या फाईलवर लिहिलं होतं, "बीपीची गोळी चालू." कोणती ते कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. महिन्याच्या महिन्याला भाऊ स्ट्रिपा न्यायचा, माझ्याच दुकानातून. मी स्वतःच्या हातानं पिशवीत घालायचो. वहिनीला दिवस गेल्याचे पेढे घरात मीच आणले होते, आणि तरी ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पाणी खूपच कमी निघालं. तिथल्या मॅडमनी गोळीचं नाव विचारलं. भावानं स्ट्रिपचा फोटो काढून मला पाठवला, नाव नीट वाचून दे म्हणाला. मी दुकानात उभा होतो. फोटो बघितला आणि खाली बसलो.

गोळी त्याच दिवशी बदलली. तीन आठवड्यांनी पाणी वाढलेलं दिसलं. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, २ किलो ३०० ग्रॅम. नऊ तासांनी तिनं पहिली लघवी केली तेव्हा वॉर्डाबाहेर माझा भाऊ लहान मुलासारखा रडला. आता ती तीन वर्षांची आहे.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनचं कारण थोडं वेगळं. बाळाच्या किडनीकडं रक्त वाहतं ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ लागतात आणि ह्या वेदनाशामक गोळ्या तेच बंद करतात. विसाव्या आठवड्यानंतर त्या टाळा असा इशारा अमेरिकेच्याच औषध प्रशासनानं २०२० मध्ये दिला. पाठ दुखली, दाढ दुखली की आपल्याकडं ह्या गोळ्या चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, म्हणून जीव तुटतो.

जाणकारांनी भर घालावी, माझं चुकलं असेल तिथं दुरुस्त करावं.

गोदाकाठची

दादा, वाचताना डोळे भरून आले. मी नांदेडला सदतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. किडनीचा धडा दरवर्षी "उत्सर्जन संस्था" ह्या मथळ्याखाली शिकवला आणि जन्माआधी ती काय करते हे एकदाही वर्गात बोलले नाही, कारण ते धड्यात नव्हतं. तुमच्या त्या गिऱ्हाईक बाईंना पडलेला प्रश्न माझ्या एखाद्या विद्यार्थिनीला वर्गातच पडायला हवा होता.

रेनिनची थोडी हकिगत सांगते. १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क काढला आणि दुसऱ्या सशांच्या रक्तात सोडला. त्यांचा रक्तदाब चढला. लॅटिनमध्ये किडनीला 'रेन' म्हणतात, त्यावरून त्या पदार्थाला रेनिन हे नाव पडलं. पुढे कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या रक्तवाहिनीला चिमटा लावून ती अरुंद केली आणि रक्तदाब वाढतो हे दाखवलं. रक्त कमी मिळालं की किडनीला वाटतं सगळ्या शरीरातच दाब पडलाय, आणि ती रेनिन सोडते. अँजिओटेन्सिनचा शोध पुढे ब्युनोस आयरिस आणि इंडियानापोलिस इथल्या दोन गटांनी एकाच सुमारास लावला. दोघांची नावं वेगळी होती, १९५८ मध्ये दोन्ही नावं जोडून आजचं नाव झालं.

एसीईला अडवणारी गोळी तर ब्राझीलच्या एका विषारी सापामुळे मिळाली. त्या सापाच्या विषातल्या घटकांच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल तयार झालं.

पोटातल्या बाळाबद्दलची बरीचशी माहिती मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून आली आहे. गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराच्या रक्तवाहिनीत बारीक नळी ठेवून दाब मोजतात. कोकराचं थोडं रक्त काढलं की त्याचं रेनिन वाढतं आणि दाब सावरतो. आधी कॅप्टोप्रिल देऊन ठेवलं तर दाब सावरायला फार जड जातं.

लातूरचा बालरोगवाला

औषधवाले दादा, नेमकं लिहिलंत. बालरोगतज्ज्ञ म्हणून काही गोष्टी जोडतो.

रेनिनपासून सुरू होणारी ही साखळी किती महत्त्वाची आहे हे एका दुर्मिळ जन्मजात आजारात दिसतं. त्यात रेनिन, एसीई किंवा अँजिओटेन्सिनची बसायची जागा, यांपैकी एखाद्याच्या जनुकातच दोष असतो. अशा बाळाच्या किडनीतल्या नळ्या नीट घडत नाहीत, पोटात लघवी होत नाही, पाणी नसतं आणि जन्मल्यावर रक्तदाब काही केल्या वर येत नाही. म्हणजे ही साखळी दाब तर राखतेच, किडनी घडवायलाही तीच लागते. गोळ्यांमुळं झालेलं नुकसान सूक्ष्मदर्शकाखाली अगदी ह्याच आजारासारखं दिसतं.

जन्माच्या क्षणी काय होतं तेही विलक्षण आहे. नाळ बांधली की वार सुटते, म्हणजे रक्ताला मिळालेली ती सोपी वाट बंद होते आणि दाब वर जातो. किडनीतल्या वाहिन्या हळूहळू सैलावतात, तिच्याकडं येणारं रक्त दिवसागणिक वाढतं आणि आता कचरा काढायचं कामही तिचंच होतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचा दाब पहिल्या दिवशी साधारण ६५ ते ७० वर ४० च्या आसपास असतो. बहुतेक बाळं चोवीस तासांत लघवी करतात. आम्ही नर्सताईंना ती वेळ लिहून ठेवायला सांगतो. दादा, तुमच्या भावानं रडावं अशीच ती वेळ असते.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. पाणी कमी होण्याची कारणं बरीच आहेत. पिशवी फुटून पाणी झिरपतं, बाळाच्या लघवीच्या वाटेत अडथळा असतो, कधी वारेचा रक्तपुरवठा कमी पडतो. वारेतून पुरेसं मिळत नसलं की बाळ आपलं रक्त मेंदूकडं आणि हृदयाकडं वळवतं आणि किडनीचा वाटा कमी करतं. त्यामुळं पाणी कमी दिसलं की डॉक्टर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, करायला सांगतात. तो खर्च वाया नाही, कृपया टाळू नका.

धारूरचा रामभाऊ

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. आमच्या वस्तीवरून दिवाळी झाली की कोयते निघतात. माझा जन्म फडातच झाला, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत. वजन कुणी केलं नाही. आई म्हणते सुपाच्या एका कोपऱ्यात मावायचास. तिनं आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या डोक्यावर वाहिल्या. मुकादमाची उचल घेतलेली, थांबून चालत नव्हतं.

आता मी एकोणतीसचा आहे. तंबाखू नाही, दारू नाही, अंगानं सडपातळ. पोलीस भरतीच्या तयारीत बीपी निघालं १५० वर ९६. तीनदा मोजलं. डॉक्टर म्हणाले ह्या वयात कसं काय. डॉक्टरसाहेब, ह्याचा माझ्या जन्माशी काही संबंध असू शकतो का? आणि आमच्या बायका पोटुशी असताना उन्हात काम करतात, पाणी कमी पितात, त्याचं काय?

लातूरचा बालरोगवाला

रामभाऊ, तुमच्या एकट्याच्या बाबतीत "हेच कारण" असं कुणीही डॉक्टर छातीठोक सांगू शकणार नाही. पण तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे.

किडनीतल्या गाळण्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत त्या सरासरी नऊ-दहा लाख असतात, पण कुणाला दोन-अडीच लाख तर कुणाला वीस लाखांच्या वर असा प्रचंड फरक असतो. सगळ्या गाळण्या पोटातच तयार होतात. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास काम थांबतं आणि पुढं आयुष्यभर एकही नवी बनत नाही. फार आधी जन्मलेल्या बाळात जन्मानंतर थोडे आठवडे ते चालू राहतं, एवढाच अपवाद. अर्ध्याहून जास्त गाळण्या शेवटच्या तीन महिन्यांत बनतात, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा तुमची आई मोळ्या वाहत होती. जन्माचं वजन किलोभर जास्त असेल तर गाळण्या साधारण अडीच लाखांनी जास्त सापडतात.

गाळण्या कमी असल्या की प्रत्येकीवर भार जास्त, मीठ आणि पाणी बाहेर टाकायला दाब जास्त लागतो, असं अमेरिकेतल्या बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडलं. २००३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अपघातात गेलेल्या ३५ ते ५९ वयाच्या माणसांच्या किडन्यांतल्या गाळण्या मोजल्या. उच्च रक्तदाब असलेले दहा आणि नसलेले दहा. रक्तदाबवाल्यांत प्रत्येक किडनीमागं सुमारे सात लाख, बाकीच्यांत सुमारे चौदा लाख. निम्म्यानं फरक. माणसं वीसच, हे लक्षात ठेवायला हवं, पण पुढच्या अभ्यासाला त्यातून मोठी दिशा मिळाली.

आपल्याजवळचं उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. उंदरांच्या प्रयोगांत आईला प्रथिनं किंवा लोह कमी पडलं की पिल्लांचा रक्तदाब पुढं वाढतो हे दिसलं आहे. आशाताई लोहाच्या लाल गोळ्या देतात, १८० दिवसांच्या, त्या शौचाला काळं होतं म्हणून फेकू नयेत ही माझी हात जोडून विनंती.

उन्हाचं म्हणाल तर आईच्या अंगातलं पाणी कमी झालं की वारेतून बाळाकडं जाणारं पाणीही घटतं. बाळ मग लघवी घट्ट करतं आणि गर्भजल उतरतं. आईनं भरपूर पाणी प्यायलं की पुष्कळदा ते चढतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या ओपीडीत हे नेहमी दिसतं.

तुम्ही मात्र आता थांबू नका. किडनीचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि किडनीची सोनोग्राफी करून घ्या. वेदनाशामक गोळ्या टाळा, मीठ कमी करा. ह्या वयात सापडलं हे चांगलं झालं.

धारूरचा रामभाऊ

सोमवारी जातो. अंबाजोगाईला दाखवीन. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मोळी खाली ठेवता आली नसती. बराच वेळ दोघंही गप्प होतो.

गोदाकाठची

रामभाऊ, आईंना माझा नमस्कार सांगा. 'पाणी प्या' म्हणणं सोपं आहे हो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी पोटुशी असलेल्या बायकांनी घागरीतलं पाणी आधी कुणाला दिलं असेल, हे मी बाई म्हणून सांगू शकते. फडावर पाण्याची सोय आणि सातव्या महिन्यानंतर उचलीचा तगादा न लावणं, ह्या गोष्टी कुठल्याही गोळीआधी व्हायला हव्यात.

जालन्याची जुळ्यांची आई

माझी जुळी एकाच वारेवरची होती. एकाभोवती पाणी आटलेलं, दुसऱ्याभोवती फार जास्त. डॉक्टर म्हणाले वारेतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जातंय. तेव्हा कळलं नव्हतं, आज ह्या धाग्यामुळे कळतंय. ज्याचं रक्त जातंय त्याची किडनी दाब धरायला धडपडणार, रेनिन ओतणार, लघवी थांबवणार. बरोबर का डॉक्टर?

लातूरचा बालरोगवाला

अगदी बरोबर, ताई. आणि देणाऱ्याच्या किडनीनं ओतलेलं ते रसायन त्याच वाटेनं घेणाऱ्याकडंही पोचतं. घेणाऱ्याकडं आधीच रक्त जास्त, त्यात हे. म्हणून त्याचा दाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. तुमची दोन्ही कशी आहेत?

जालन्याची जुळ्यांची आई

दोघंही चौथीत आहेत. बारका अजूनही बारकाच आहे, पण धावण्यात मोठ्याला मागे टाकतो.

परतूरकर

सगळा धागा एका दमात वाचला. माझ्या बायकोला दुसरा महिना आहे, बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू. आत्ता उठून कपाटातली स्ट्रिप पाहिली. टेल्मिसार्टन आहे. रात्रीची गोळी अजून घ्यायची आहे. बंद करू का?

केजचा औषधवाला

परतूरकर, आधी दोघंही शांत व्हा. दुसऱ्याच महिन्यात कळलंय, बदलायला भरपूर वेळ आहे. पण स्वतःहून काही करू नका, बीपी एकदम चढलं तर वहिनींना आणि बाळाला दोघांनाही धोका. आत्ता लगेच बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन लावा, गोळीचं नाव आणि ताकद वाचून दाखवा आणि आजच्या गोळीचं काय ते त्यांनाच विचारा. सकाळी दोन्ही फायली आणि ही स्ट्रिप घेऊन जा. फोटो नको, स्ट्रिपच न्या. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशा पोटुशी बाईला चालणाऱ्या गोळ्या आहेत, त्यातली कोणती ते डॉक्टर ठरवतील.

परतूरकर

फोन उचलला त्यांनी. आजची घेऊ नका म्हणाल्या, घरच्या मशीनवर बीपी मोजायला लावलं, १३४ वर ८६ होतं. सकाळी नऊला बोलावलंय. बायको विचारतेय, लॅबेटालॉल तुमच्याकडं मिळते का, इथल्या दुकानात नसली तर?

केजचा औषधवाला

आहे. चिठ्ठी मिळाली की कळवा. तिकडं मिळाली नाही तर दुपारच्या एसटीनं पाठवतो.